किनाऱ्याचा देखावा आणि बांधकामाची परवानगी

महाराष्ट्राला पालघर जिल्ह्यातील झाईपासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडीपर्यंत पसरलेला, सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा सागरकिनारा लाभला आहे. समुद्रात घुसलेले जांभ्या दगडाचे सडे, त्यांच्या कुशीतील लहान लहान पुळणी, आत दूरवर शिरलेल्या खाड्या, माडापोफळींच्या आड दडलेल्या वाड्या आणि मधूनच पाण्यातून वर आलेले जलदुर्ग यांनी हा किनारा बनलेला आहे. घाटी उतरताना एखाद्या वळणावर हे सारे एकदम नजरेसमोर येते. कोकणात जन्मलेल्या माणसाला त्याचे नावीन्य वाटत नाही. बाहेरून येणारा मात्र तेथे थांबल्यावाचून राहत नाही.

या देखाव्याची नोंद गावच्या दप्तरात नसते. सातबारा उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र, कब्जेदार, पीक आणि बोजा यांचा तपशील असतो. त्या जमिनीवरून काय दिसते अथवा ती जमीन कोठून कोठून दिसते, हे त्यावर लिहिलेले नसते. त्यामुळे देखावा नाहीसा झाला तरी कोणाचे काही गेले असे कागदावर दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र सर्वांचेच काही ना काही गेलेले असते.

हे नुकसान एखाद्या प्रचंड प्रकल्पामुळे क्वचितच होते. बहुधा ते एकेका लहान परवानगीने होत जाते. सड्याच्या कडेवर एक बंगला उभा राहतो, त्याच्या शेजारी दुसरा, रस्त्याच्या समुद्राकडील बाजूस एक उंच कुंपणभिंत, पुढे एखादे निवासगृह. आणि दहा-पंधरा वर्षांनी पाहावे तो रस्त्यावरून समुद्र दिसेनासा झालेला असतो. यांतील प्रत्येक बांधकाम कदाचित नियमात बसणारे असते. इमारत एकदा उभी राहिली म्हणजे तिची उंची कमी करणे किंवा तिची जागा बदलणे व्यवहारात शक्य नसते. म्हणूनच किनाऱ्याचा देखावा राखणे हे मुख्यतः परवानगीच्या वेळी करावयाचे काम आहे. कायद्याने त्यासाठी कोणती साधने दिली आहेत, ती कोठे अपुरी पडतात आणि ग्रामपंचायतीपासून जिल्हा कार्यालयापर्यंत कोणास काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

देखाव्याचे मोल

निसर्गसौंदर्य ही सुखवस्तू माणसाची आवड आहे, गावाला त्याचा काय उपयोग, असा प्रश्न काही वेळा विचारला जातो. त्याचे पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. किनाऱ्यावरील अनेक गावांत घरगुती निवास, खानावळी, होड्या आणि वाहने यांवर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. येणारा पाहुणा गावातील बांधकामे पाहावयास येत नाही. तो समुद्र, पुळण आणि वाडी पाहावयास येतो. समुद्राकडील पहिल्या रांगेत उंच इमारत झाली तर तिच्या मालकाला देखावा मिळतो, पण मागील सर्व घरांचा देखावा जातो. सर्वांच्या मालकीची वस्तू अशा रीतीने एकाच्या खाजगी मिळकतीत जमा होते. हा प्रश्न जितका सौंदर्याचा, तितकाच न्यायाचाही आहे.

दुसरे उत्तर वारशाचे आहे. गणपतीपुळे येथे डोंगरच देवाचे रूप मानला जातो आणि भाविक त्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात. आंजर्ले येथील कड्यावरच्या गणपतीच्या परिसरातून खाली पुळण आणि दूरवर सुवर्णदुर्ग दिसतो. मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याची उभारणी सुरू केली तो सिंधुदुर्ग समोर असतो. या ठिकाणी देवस्थान किंवा किल्ला आणि त्याच्या भोवतीची जमीन, पाणी व आकाश यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे किनाऱ्यावरील चार किल्ले त्यांत आहेत. ही नोंद ज्या नावाने झाली त्या नावात लष्करी ‘भूदृश्य’ असा शब्द आहे, ही बाब लक्षणीय आहे. किल्ल्याच्या भिंतींबरोबरच तो ज्या भूमीत आणि ज्या पाण्यात उभा आहे, तिचेही महत्त्व येथे मान्य झालेले आहे.

कायद्यात सौंदर्याचा विचार

किनाऱ्याच्या संरक्षणाचा आपल्या देशातील इतिहास पाहिला तर त्याच्या प्रारंभीच सौंदर्याचा उल्लेख आढळतो. नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठविले होते. समुद्रकिनाऱ्यांना सौंदर्याच्या आणि पर्यावरणाच्या दृष्टीने मोल आहे, त्यांचा होत असलेला ऱ्हास चिंताजनक आहे आणि भरतीच्या सर्वोच्च पाण्यापासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अमलात आला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना काढण्यात आली.

या अधिसूचनेने भरती-रेषेपासून जमिनीकडील ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आणला. त्याचे चार वर्ग करण्यात आले. सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या वर्गात राष्ट्रीय उद्याने, कांदळवने, प्रवाळ यांच्याबरोबर ‘असामान्य निसर्गसौंदर्याची क्षेत्रे’ यांचाही समावेश होता. वाळूच्या टेकड्या, डोंगर व अन्य नैसर्गिक भूरूपे सुशोभनासाठी किंवा करमणुकीसाठी बदलण्यास मनाई करण्यात आली. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर हे ना-विकास क्षेत्र ठरले. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात घरांची उंची ९ मीटर आणि मजले दोन, म्हणजे तळमजला व त्यावर एक, एवढी मर्यादा घालण्यात आली. पर्यटन निवासगृहांसाठी किमान ०.४ हेक्टर भूखंड, ०.३३ चटई क्षेत्र निर्देशांक, दोन निवासगृहांमध्ये लोकांना पुळणीवर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा, अशा अटी होत्या. कुंपण घालावयाचे तर ते झाडाझुडपांचे किंवा वेलींनी झाकलेल्या तारेचे असावे आणि त्यामुळे किनाऱ्यावर जाणाऱ्या लोकांची वाट अडू नये, असेही सांगण्यात आले होते.

या अधिसूचनेची जागा २०११ मध्ये नव्या अधिसूचनेने घेतली आणि १८ जानेवारी २०१९ रोजी तिसरी अधिसूचना प्रसिद्ध झाली. या दोन्हींत कांदळवने, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे, वाळूच्या टेकड्या, पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागा अशी संवेदनशील क्षेत्रांची यादी अधिक तपशीलवार झाली. परंतु निसर्गसौंदर्याची क्षेत्रे हे शब्द त्या यादीत राहिले नाहीत. कांदळवनाची सीमा नकाशावर काढता येते, सौंदर्याची काढता येत नाही, ही त्यातील अडचण समजण्यासारखी आहे. तथापि त्याचा परिणाम असा की, एखादे स्थळ केवळ सुंदर आहे म्हणून त्याला या अधिसूचनेत आता स्वतंत्र स्थान उरलेले नाही.

२०१९ च्या अधिसूचनेने आणखी एक महत्त्वाचा बदल केला. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात, त्यासाठी आवश्यक तो आराखडा रीतसर तयार व मंजूर झाल्यावर, ना-विकास क्षेत्र २०० मीटरऐवजी ५० मीटर धरले जाते. त्याहून विरळ वस्तीच्या भागात ते २०० मीटर कायम आहे. खाड्यांच्या काठी ही मर्यादा ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते, अशी आहे. म्हणजे काही गावांत समुद्राच्या अधिक जवळ बांधकाम होऊ शकेल. अशा ठिकाणी प्रत्येक परवानगीचा विचार पूर्वीपेक्षा अधिक काळजीने करावा लागेल.

राज्याच्या कायद्यातील तरतुदी

केंद्राच्या अधिसूचनेत नाहीसे झालेले शब्द राज्याच्या कायद्यात मात्र १९६६ पासून आहेत, याची जाणीव फारशी आढळत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १४ मध्ये प्रादेशिक योजनेत कोणत्या बाबींचा समावेश करता येईल ते सांगितले आहे. नैसर्गिक देखाव्याची क्षेत्रे, वने व वन्य जीव यांचे जतन, संवर्धन आणि विकास ही त्यांतील एक बाब आहे. विकास योजनेसंबंधीच्या कलम २२ मध्येही नैसर्गिक देखावा आणि भूदृश्य यांच्या जतनाचा उल्लेख आहे. म्हणजे एखादा सडा, कडा किंवा वळण देखाव्यासाठी मोकळे राखावयाचे असेल तर त्याला कायद्याचा आधार नाही असे म्हणता येत नाही. आधार आहे, त्याचा उपयोग योजना तयार होत असताना करावा लागतो.

या टप्प्याचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ नुसार शेतजमिनीचा अकृषिक वापर करण्यासाठी परवानगी घ्यावी लागत असे आणि त्या निमित्ताने प्रत्येक प्रकरण तपासले जात असे. २०१४ पासून झालेल्या सुधारणांनी योजनेत अकृषिक वापरासाठी दाखविलेल्या जमिनींना वेगळ्या परवानगीची आवश्यकता बऱ्याच अंशी काढून टाकली आहे. नागरिकांची त्यामुळे सोय झाली. पण याचा अर्थ असाही होतो की, योजनेच्या नकाशावर एखाद्या कड्यावर निवासी विभागाचा रंग भरला गेला, तर त्या कड्याच्या भवितव्याचा निर्णय बहुतांशी तेथेच झालेला असतो.

स्थानिक परिस्थितीनुरूप विशेष संरक्षण देता येते याचेही उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. ६ जानेवारी १९८९ रोजी केंद्र शासनाने मुरुड-जंजिरा परिसरासाठी स्वतंत्र अधिसूचना काढली. रेवदंड्याच्या खाडीपासून श्रीवर्धनजवळच्या देवगड टोकापर्यंत भरती-रेषेपासून एक किलोमीटरच्या पट्ट्यात, तसेच राजपुरी खाडीच्या दोन्ही काठांवर तेवढ्याच पट्ट्यात, पर्यटनाशी निगडित असलेले वगळता इतर उद्योग उभारण्यास तीद्वारे मनाई करण्यात आली. सर्व देशासाठी असलेल्या ५०० मीटरच्या नियमापूर्वीच येथे एक किलोमीटरचे अंतर ठरविण्यात आले होते.

अंतराची रेषा आणि दृष्टीची रेषा

किनाऱ्याच्या नियमनात मुख्य भर अंतरावर आहे, आणि अंतर हे नकाशावर आडवे मोजले जाते. सपाट पुळणीवर हे माप देखाव्याच्या दृष्टीनेही बरेच उपयोगी पडते. माडांच्या बागेमागे २१० मीटरवर बांधलेले दुमजली घर समुद्रावरून दिसतही नाही. उंच जातीचा माड वीस मीटरच्या वर जातो. ९ मीटर उंचीचे कौलारू घर त्याच्या झावळ्यांच्या खाली सहज झाकले जाते. कोकणातील जुनी वाडी दुरून पाहता केवळ हिरवा पट्टा दिसते, त्याचे कारण हेच आहे.

परंतु कोकणचा किनारा सर्वत्र सपाट नाही. जेथे सडा थेट समुद्रात उतरतो तेथे भरती-रेषा कड्याच्या पायथ्याशी असते. तेथून तेच २१० मीटर मोजले तर आपण सड्याच्या माथ्यावर येऊन पोहोचतो. त्या जागी बांधलेली इमारत तितक्याच उंचीची आणि तितक्याच अंतरावरची असली तरी ती दोन्ही बाजूंच्या पुळणींवरून, खाडीपलीकडच्या गावातून आणि समुद्रातील होडीतूनही दिसते. मागे डोंगर नसून आकाश असल्यामुळे तिची आकृती अधिकच ठळक होते. दोन्ही प्रकरणे नियमाच्या दृष्टीने सारखी असली तरी परिणामाच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. आणि सड्याची कड ५०० मीटरच्या पलीकडे असेल तर किनारा नियमनाचा संबंधच संपतो.

जलदुर्गांच्या बाबतीतही असेच घडते. केंद्रीय संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटरचे विनियमित क्षेत्र अशी तरतूद २०१० च्या सुधारणेने स्पष्ट झाली आहे. भुईकोटासाठी हे अंतर उपयोगी असते. सिंधुदुर्गासारख्या समुद्रातील किल्ल्यापासून ३०० मीटर मोजले तर ते पाण्यातच संपतात. ज्या किनाऱ्यावरून लोक किल्ला पाहतात, त्या किनाऱ्यावर काय बांधले जावे, हे या तरतुदीने ठरत नाही. तो निर्णय नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला आणि नियोजन प्राधिकरणालाच घ्यावा लागतो.

म्हणून अंतराच्या रेषेबरोबर दृष्टीच्या रेषेचाही विचार करावयास हवा. लोक कोठे उभे राहून पाहतात आणि तेथून प्रस्तावित बांधकाम कसे दिसेल, हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात विचारला गेला पाहिजे.

दृष्टीची रेषा मोजण्याची एक पद्धत

देखावा ही डोळ्यांनी ठरवावयाची गोष्ट आहे. ती नियमात बसविल्यास मनमानी होईल, अशी शंका घेतली जाते. या शंकेला अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या अनुभवाने चांगले उत्तर मिळते. तेथे १९७२ च्या सार्वमताने किनाऱ्याच्या संरक्षणासाठी आयोग स्थापन झाला आणि १९७६ मध्ये किनारा अधिनियम मंजूर झाला. किनाऱ्याचे दृश्य सौंदर्य ही सार्वजनिक महत्त्वाची संपत्ती मानावी. समुद्राकडे आणि समुद्राच्या कडेने दिसणारे देखावे अडणार नाहीत अशा रीतीने बांधकामाची जागा व रचना ठरवावी. नैसर्गिक भूरूपात कमीत कमी बदल करावा, असे त्या अधिनियमाच्या कलम ३०२५१ मध्ये सांगितले आहे. किनारपट्टीतील बांधकामासाठी वेगळी परवानगी लागते आणि स्थानिक संस्थांनी आपापले आराखडे या तत्त्वानुसार तयार करावयाचे असतात.

याच राज्यातील बिग सर या डोंगराळ किनाऱ्यासाठी १९८६ मध्ये मंजूर झालेला आराखडा विशेष उद्‌बोधक आहे. तेथे ‘सुंदर काय’ याची व्याख्या करण्याचा प्रयत्न केला गेला नाही. समुद्रालगतचा राजमार्ग आणि काही प्रमुख सार्वजनिक ठिकाणे निश्चित करण्यात आली आणि तेथून दिसेल असे नवे बांधकाम करू नये, असा सर्वसाधारण नियम ठेवण्यात आला. अर्जदाराने नियोजित इमारतीच्या कोपऱ्यांवर छपराच्या उंचीइतके खांब उभे करून त्यांवर निशाणे लावावयाची आणि तपासणी अधिकाऱ्याने रस्त्यावरून जाऊन ती दिसतात काय ते पाहावयाचे, अशी पद्धत आहे. निशाण दिसते किंवा दिसत नाही. त्यात मताचा प्रश्न फारसा उरत नाही. ज्याची सर्वच जमीन दर्शनी पट्ट्यात येते, त्याला बांधकामाचा हक्क दुसऱ्या योग्य जागी हस्तांतरित करण्याची सवलतही ठेवण्यात आली आहे.

आपली परिस्थिती वेगळी आहे. आपल्या किनाऱ्यावर दाट वस्तीची, शेकडो वर्षांची जुनी गावे आहेत. तेथील नियम जसाच्या तसा येथे आणणे इष्ट नाही. मात्र चार बांबू रोवून त्यांना कापडाची निशाणे बांधण्यास कोणत्याही गावात काही अडचण नाही. स्थळपाहणीच्या वेळी अशी निशाणे उभी असतील तर नकाशावरील ९ मीटर म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पंचायत सदस्यालाही दिसू शकेल.

परवानगीच्या टप्प्यावर

किनारा नियमन क्षेत्रातील प्रस्तावांची छाननी महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण करते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समित्या असतात आणि त्यांत मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत अशी तरतूद आहे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार स्वतःच्या राहण्यासाठी ३०० चौरस मीटरपर्यंतचे घर बांधावयाचे असेल तर प्राधिकरणाच्या शिफारशीची आवश्यकता नाही. स्थानिक प्राधिकरणाने अधिसूचनेच्या दृष्टीने प्रस्ताव तपासून मंजुरी द्यावयाची आहे. ही सवलत ग्रामस्थांच्या सोयीची आहे. त्याचबरोबर तपासणीची जबाबदारी तिने स्थानिक पातळीवर आणून ठेवली आहे. गावठाणातील बांधकामाबाबत महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये पंचायतीकडे अधिकार आहेत, तर कलम ५३ अन्वये सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागा यांवरील अडथळे आणि अतिक्रमणे दूर करता येतात. पुळणीकडे उतरणारी पाखाडी अडविली गेली तर हेच कलम उपयोगी पडते.

परवानगी देताना पुरेशी तपासणी झाली नाही तर काय होते, याचे कटू उदाहरण केरळमधील कोचीजवळच्या मराडू येथे घडले. २००६ मध्ये तेथील तत्कालीन ग्रामपंचायतीने खाडीकाठच्या निवासी संकुलांना परवानग्या दिल्या. किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची संमती घेण्यात आलेली नव्हती. इमारती पूर्ण झाल्या, सदनिका विकल्या गेल्या, कुटुंबे राहावयास आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ८ मे २०१९ रोजी बांधकामे हटविण्याचा आदेश झाला. ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चार संकुले स्फोटकांनी पाडण्यात आली. त्यांत ३४० हून अधिक सदनिका होत्या. ज्यांनी आयुष्यभराची बचत घालून घर घेतले होते त्यांना ते रिकामे करावे लागले. वेळीच दिलेला नकार अर्जदाराला कटू वाटला तरी त्याचे खरे हित साधणारा असतो, हे या घटनेवरून दिसून येते.

ग्रामस्थांची घरे आणि देखाव्याचे नियम

देखावा राखण्याच्या नावाखाली मच्छीमार आणि बागायतदार यांची घरे अडवली जातील आणि धनिकांचे बंगले मात्र होतच राहतील, ही भीती किनाऱ्यावर अनेक ठिकाणी बोलून दाखविली जाते. ती निराधार म्हणून सोडून देता येणार नाही. कोळी, गाबीत, खारवी, भंडारी, दालदी या समाजांच्या वाड्या समुद्रालगत आहेत, कारण त्यांचा व्यवसायच समुद्रावर आहे. होड्या ओढण्याची जागा, जाळी व मासळी वाळविण्याची खळी, लहानसे मंदिर किंवा दर्गा, बैठी कौलारू घरे हे सर्व त्या देखाव्याचेच अवयव आहेत. त्यांना दूर सारून राखलेला किनारा सुंदर म्हणता येणार नाही.

अधिसूचनांनी हा भेद ओळखलेला आहे. पारंपरिक हक्क व वहिवाट असलेली गावठाणे आणि मच्छीमार वाड्या यांतील घरांना स्वतंत्र तरतूद आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमार वसाहती आणि त्यांच्या सामायिक वापराच्या जागा दाखवावयाच्या असतात. घरगुती निवासाची सोय करू इच्छिणाऱ्या स्थानिक कुटुंबांनाही सवलत आहे. मात्र घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग यांत बदल करावयाचा नाही. या शेवटच्या अटीत देखाव्याचे तत्त्व अगदी साध्या रूपात आलेले आहे. पाहुणा ज्या घरासाठी आला ते घर तसेच राहावे, आणि त्याचे उत्पन्न त्या घरातील माणसांना मिळावे.

पंचायत सदस्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, वाढत्या कुटुंबाला एक खोली वाढवावयाची असणे आणि विक्रीसाठी सड्याच्या कडेवर बंगल्यांची रांग उभारणे या दोन गोष्टींना एकच माप लावणे योग्य नाही. पहिल्या प्रकरणात वाट काढून द्यावी. दुसऱ्या प्रकरणात सार्वजनिक ठिकाणांवरून काय झाकले जाईल हे पाहिल्याशिवाय सही करू नये.

गावाने करावयाची कामे

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीस पुढील कामे आजच हाती घेता येतील.

पहिले काम, गावातील सार्वजनिक दर्शनस्थळांची यादी करणे. घाटीचे वळण, मंदिराचा पार, बंदराचा धक्का, शाळेचे पटांगण, खाडीवरील पूल अशी पाच-सहा ठिकाणे बहुतेक गावांत असतात. तेथून कोणत्या दिशेला काय दिसते ते गावनकाशावर रेषा काढून दाखवावे आणि ग्रामसभेच्या ठरावाने ती यादी मान्य करून घ्यावी. असा ठराव कायद्याने बंधनकारक ठरणार नाही. पण प्रादेशिक योजना किंवा किनारा व्यवस्थापन आराखडा यांचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा विहित मुदतीत सूचना व हरकत म्हणून तो सादर करता येतो आणि जनसुनावणीत मांडता येतो. हरकत नेमकी आणि नकाशासह असेल तर तिचा विचार करणे प्राधिकरणास सोपे जाते.

दुसरे काम शाळांना करण्यासारखे आहे. या प्रत्येक ठिकाणावरून वर्षातून एकदा, एकाच जागी उभे राहून, एकाच दिशेचे छायाचित्र घ्यावे आणि त्यावर तारीख लिहून ते जपून ठेवावे. भूगोलाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून सडा, पुळण, वाडी आणि खाडी दाखविणारा गावाचा उभा छेद काढून घ्यावा. पाच वर्षांत गावाजवळ असा पुरावा जमा होईल की, भूरूप केव्हा व किती बदलले हे सांगण्यास दुसऱ्या साक्षीदाराची गरज पडणार नाही.

तिसरे काम परवानगीच्या अर्जाबाबतचे आहे. अर्जासोबत भरती-रेषा दाखविणारा किनारा आराखड्याचा उतारा आहे काय, जागा सड्याच्या कडेवर आहे की झाडांच्या आड, माथ्याची उंची जोत्यापासून की मूळ जमिनीपासून मोजली आहे, जमीन सपाट करण्यासाठी किती खोदाई होणार, रस्त्याकडील कुंपण उंच भिंतीचे आहे की कमरेइतक्या गडग्याचे, जुनी वहिवाटीची पाखाडी मोकळी राहते काय, हे प्रश्न छापील यादीच्या स्वरूपात प्रत्येक प्रकरणास जोडावेत. पुष्कळदा परवानगी नाकारण्याची आवश्यकताच नसते. इमारत कडेपासून वीस मीटर मागे घेणे, दोन मजल्यांऐवजी एकच मजला ठेवणे, पत्र्याऐवजी कौले घालणे, समोरची झाडे न तोडणे एवढ्याने मालकाचे घरही होते आणि गावाचा समुद्रही राहतो.

चौथे काम पाठपुराव्याचे. मंजुरीतील अटींच्या पूर्ततेचा अहवाल मोठ्या प्रकल्पांनी दर सहा महिन्यांनी द्यावयाचा असतो. अट घालणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती पाळली गेली काय हे जोते, छप्पर आणि कुंपण अशा तीन टप्प्यांवर जाऊन पाहणे महत्त्वाचे आहे.

रेवस ते रेड्डी सागरी मार्गाचे काम हाती घेण्यात आलेले आहे. मार्ग झाला म्हणजे आज आडबाजूस असलेल्या अनेक सड्यांना रस्त्याची दर्शनी बाजू लाभेल आणि बांधकामाच्या परवानगीसाठी येणाऱ्या अर्जांची संख्या वाढेल. ज्या गावांनी आपली दर्शनस्थळे त्यापूर्वी नकाशावर आणलेली असतील त्यांना प्रत्येक अर्जाच्या वेळी नव्याने वाद घालावा लागणार नाही. ज्यांनी ती आणलेली नसतील त्यांच्या हाती मात्र जे शिल्लक राहील तेवढेच सांभाळण्याचे काम उरेल. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल. त्यासाठी गावनकाशाची एक प्रत आणि गाव पायी फिरून पाहिलेली चार माणसे एवढी सामग्री पुरेशी आहे.